शिबिराला पाठवा, पण त्या फॉर्मवर आहे तशी सही करू नका

गेले काही दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर गुड मॉर्निंगचे फोटोसुद्धा मागे पडलेत, इतका एकच विषय चाललाय. बडोद्यातल्या एका शाळेने नववीच्या मुलांचं तीन दिवसांचं शिबिर काढलंय, पावागडच्या पायथ्याशी, तंबूत मुक्काम, आणि शिकवणार काय तर पूर आला, आग लागली, कुणी पाण्यात पडलं, कुणाला साप चावला तर काय करायचं ते. फॉर्म घरोघर आला आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली तरी तुमचे डोळे उघडत नाहीत का, परत पोरांना शाळेच्या भरवशावर बाहेर पाठवताय. दुसरी म्हणते आताची पोरं पार लाडावलीत, एसी बंद पडला की रडतात, जाऊ दे, चार डास चावले तर काही मरत नाहीत, आमच्या वेळी आम्ही विश्वामित्री नदीत पोहायचो (मगरींना विचारून पोहायचे का, ते काही सांगत नाहीत).

माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलांना पाठवायला पाहिजे. पण दुसरी पार्टी ज्या कारणासाठी पाठवा म्हणतेय त्या कारणासाठी नाही, आणि आलेल्या फॉर्मवर आहे तशी सही करून तर नाहीच. त्या फॉर्मच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, बाकीच्या मजकुरापेक्षा बारीक टायपात, लिहिलंय की शिबिरात कोणताही अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही. ग्रूपवर शेकडो मेसेज पडले, मुलं नाजूक झालीत की नाही यावर पडले, मोबाइलवर पडले, मग फिरून फिरून राजकारणावर गेले, या ओळीवर मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणजे जे शिबिर धोका ओळखायला शिकवणार आहे त्याच्या कागदावरचा पहिला धोका आपल्यातल्या एकालाही दिसला नाही, किंवा दिसला आणि नेहमीचंच असतं म्हणून सोडून दिला.

पहिल्या पार्टीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत बसतात त्यापेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. हे कुठल्या तरी लांबच्या गावी नाही झालं, आपल्या रिंगरोडच्या आत झालं, आणि झालं ते सहलीत, जिथे पालकांनी विश्वासाने सही करून पाठवलं होतं. ज्या आईला आज पावागड म्हटल्यावर पोटात गोळा येतो तिला 'ओव्हरप्रोटेक्टिव्ह' म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे, की ज्यांना बोटीत डोकी मोजता येत नाहीत ते माझ्या मुलाला आपत्ती व्यवस्थापन काय शिकवणार?

पण या बरोबर प्रश्नातून ती जे उत्तर काढते, की मग पाठवूच नका, तिथे माझं जमत नाही. कारण हा प्रयोग आपल्या गावात एकदा करून झालाय. ११ ऑगस्ट १९९३, जन्माष्टमीचा दिवस, सूरसागर तलावात बोट बुडाली आणि २२ माणसं गेली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी माणसं अजून त्या संध्याकाळचं नाव काढलं की गप्प होतात. आपण त्यातून काय घेतलं? पाणी वाईट, बोट वाईट, तलावाच्या काठी मुलांचा हात घट्ट धरा. बोटीत किती माणसं बसतात हे बोटीवर लिहिलेलं असावं, जॅकेट घातल्याशिवाय बोट काठावरून हलू नये, आणि हे प्रत्येक दहा वर्षांच्या पोराला पाढ्यांसारखं पाठ असावं, ते काही घेतलं नाही. तीस वर्षांनी तेच दुसऱ्या तलावात झालं, तीच जास्तीची माणसं, तोच 'काही होत नाही'. भीती एका पिढीत विरून जाते हो, आणि मग नवीन तलाव, नवीन ठेकेदार आणि नवीन सेल्फी पॉइंट तयार असतात.

त्याच १९९३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये लाइम बे नावाच्या खाडीत शाळेची मुलं कनू नावाच्या छोट्या होड्या चालवायला गेली होती, समुद्र खवळला, चार मुलं गेली. तिथे चौकशीत निघालं की मुलांना नेणाऱ्या साहसी खेळांच्या केंद्रात आधी काम करणाऱ्या दोन प्रशिक्षकांनी काही महिन्यांपूर्वीच मालकाला पत्र लिहून कळवलं होतं की इथली सुरक्षा धड नाही. मालक तुरुंगात गेला. आणि १९९५ मध्ये कायदा आला की मुलांना साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रांना लायसन्स लागेल, तपासणी होईल. तिकडे पण सहली बंद करा म्हणणारे असतीलच, पण सहली बंद नाही झाल्या, बेजबाबदार माणसाचा धंदा अवघड झाला. एकाच वर्षातल्या दोन घटना. आपण हळहळलो, त्यांनी नियम केला. हरणीनंतर आपण यातलं कुठलं करतोय, याचा विचार 'पाठवूच नका' म्हणणाऱ्यांनी एकदा करावा.

आता दुसरी पार्टी. यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण निर्णय तोच, पण कारण असलं की शिबिराचं वाटोळं व्हायचं. यांना शिबिर म्हणजे पोरांना कणखर करायचा कारखाना पाहिजे. पहाटे पाचला शिट्टी, थंड पाण्याची आंघोळ, दोरीवर लटकवा, रडलं तर हसा. याने प्रथमोपचार येतो? उलट होतं. पाण्यात माणूस बुडताना दिसला की शूर पोरगा उडी मारतो आणि एकाचे दोन होतात. मही आणि नर्मदेच्या काठी दर उन्हाळ्यात हीच बातमी असते, एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला भाऊ. पाण्यातल्या बचावाचा पहिला धडाच असा आहे की काठावरून काठी द्या, नाहीतर दोरी फेका, दोरी नसेल तर ओढणी, धोतर, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते, पण पोहता येत असलं तरी स्वतः शक्यतो उतरू नका. पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगात जी रग असते ती आवरायला शिकवणारं शिबिर पाहिजे, ती आणखी चढवणारं नकोय. आपल्या गावात याची परंपरा पण आहे. प्रोफेसर माणिकरावांची तालीम, जुम्मादादा व्यायाम मंदिर, तिथे कुस्ती, लाठी, मल्लखांब होतंच, पण माणिकरावांचं नाव हाड बसवण्यासाठी सुद्धा तेवढंच होतं. जिथे पडायचं तिथेच सावरायचं पण शिकायचं. आमच्या वेळी, आमच्या वेळी करणाऱ्यांनी आमच्या वेळचं हे पण सांगावं ना.

तिसरा एक आक्षेप ग्रूपवर एकाच डॉक्टर ताईंनी घेतला आणि तो खरा वजनदार आहे. त्या म्हणाल्या, सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं, शिकायला तंबू कशाला, शाळेच्या हॉलमध्ये दोन तासांत होतं. बरोबर आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला पाठिंबा दिला त्या 'किड्स सेव्ह लाइव्ह्ज' मोहिमेचं म्हणणंच ते आहे, बारा वर्षांपासून पुढे वर्षाला दोन तास. डेन्मार्कने २००५ पासून शाळेत सक्तीचं केलं, ड्रायव्हिंग लायसन्सला पण जोडलं, आणि दहा वर्षांच्या काळात दवाखान्याबाहेर हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाला बघ्यांनीच सीपीआर देण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून ४५ च्या आसपास गेलं, वाचणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. तंबू बिंबू काही न लावता. हृदय बंद पडलं की दर मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते, १०८ कितीही पटकन आली तरी मधली मिनिटं कुणाची? जो शेजारी उभा आहे त्याची. म्हणून ताईंचे दोन तास तर व्हायलाच पाहिजेत, प्रत्येक मुलाचे, शिबिराला जाणाऱ्यांचे पण आणि न जाणाऱ्यांचे पण.

पण सीपीआर म्हणजे आपत्ती नव्हे ना ताई. मागच्या हिवाळ्यात अशाच एका शिबिरात मी ओळखीने दुपारपासून रात्रीपर्यंत बसून होतो. दुपारी डमीवर सगळ्यांचं मस्त चाललं होतं, कोपरं ताठ, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटिमीटर खोल, डमीतून बरोबर दाबाला टक् असा आवाज यायचा, दोन मिनिटांत घामाघूम, मग जोडीदार बदलायचा. इथपर्यंत हॉलमध्ये झालंच असतं. रात्री जेवणं झाल्यावर त्याच मुलांना सांगितलं की ओढ्यापलीकडे एक जण पाय मोडून पडलाय, आणा. दोन बांबू आणि दोन टीशर्टची स्ट्रेचर, टीशर्टच्या बाह्या आत उलट्या करून त्यातून बांबू घालायचे, हे दुपारी शिकवलेलं. पेशंट म्हणून मुद्दाम वर्गातला सगळ्यात वजनदार मुलगा. अंधार, एकच टॉर्च, पायाखाली दगड, चौघांची उंची चार प्रकारची, त्यामुळे स्ट्रेचर एका कोपऱ्यात कलायला लागली, आणि पुढचे दोघं कणखरवाले, चल चल होतंय म्हणून ओढतायत. तेव्हा मागून एक बारकीशी मुलगी, दिवसभर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती जोरात म्हणाली, थांबा, खाली ठेवा. सगळ्यांनी ठेवलं. टीशर्ट बांबूवरून सरकत आलेला होता, आणखी दहा पावलांत पेशंट खाली डोक्यावर आला असता. हे दोन तासांच्या पीपीटीत कसं शिकवणार? दमलेलं असताना, अंधारात, दुसरे पुढे ओढत असताना थांबा म्हणणं, याची प्रॅक्टिस कुठल्या हॉलमध्ये होते?

माझ्या मते सगळ्या शिबिराचा जीव या एका गोष्टीत आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली तेव्हा इशिनोमाकी गावातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना शिस्तीत मैदानात उभं केलं होतं. शाळेच्या मागेच टेकडी. मोठी माणसं कुठे जायचं यावर जवळपास ५० मिनिटं चर्चा करत राहिली, मग लाटच आली, ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत शाळा आणि नगरपालिकेची चूक कायम झाली. त्याच दिवशी कामाइशी गावातली जवळपास ३००० मुलं, त्या दिवशी शाळेत असलेली तर अगदी जवळपास सगळी, वाचली. तिथे काही वर्षं मुलांना शिकवत होते की नकाशावरच्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, कुणाची वाट बघू नका, पळा, म्हणजे तुम्हाला बघून बाकीचे पळतील. मोठ्या शाळेतली मुलं लहान शाळेतल्यांचे हात धरून पळाली, ठरलेल्या जागी पोचली, ती जागा पण धड वाटेना म्हणून आणखी वर गेली, आणि ती मागची जागा खरोखर पाण्याखाली गेली. शिस्त दोन्हीकडे होती. आता आपल्या शाळांत आपत्तीचं मॉक ड्रिल कसं होतं ते आठवा, घंटा वाजते, रांगेत या, बोलायचं नाही, हात पुढच्याच्या खांद्यावर, फोटो काढला, संपलं. ओकावाची शाळा यापेक्षा काय वेगळं करत होती?

एक आक्षेप उरतो आणि तो मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचतो. तो असा, की हे सगळं मुलांच्या गळ्यात घालून सरकार, कॉर्पोरेशन, बिल्डर सगळे मोकळे होतात. २६ जानेवारी २००१ ला अंजारमध्ये प्रभातफेरीत निघालेली १८५ मुलं आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत इमारतींखाली गेले, कुठल्या शिबिराने ती वाचली असती? कुठल्याच नाही. ती वाचली असती नीट बांधलेल्या भिंतींनी. सुरतच्या तक्षशिला इमारतीला २४ मे २०१९ ला आग लागली आणि क्लासला आलेले २२ जण गेले, त्यांना सीपीआर येऊन काय उपयोग होता, त्यांना पाहिजे होता जिना. जुलै २०२५ मध्ये आपल्या पाद्र्याजवळचा गंभीरा पूल महीत कोसळला, तिथे गाडीत बसलेल्या माणसाने काय प्रथमोपचार करायचा होता? हे सगळं मान्य, शब्दन् शब्द मान्य. आणि कागदावर बघाल तर आपण फार पुढे आहोत, आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००३ मध्ये करणारं गुजरात देशातलं पहिलं राज्य, केंद्राचा त्यानंतर दोन वर्षांनी आला.

पण यातून मुलांना शिकवू नका हे कसं निघतं ते कुणी मला समजावून सांगा. तक्षशिलाच्या वेळी खाली जी गर्दी होती तिच्यातले कितीतरी जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, ते काही दुष्ट नव्हते, त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. ज्याला जिना, एक्झिट, लोड, जॅकेट असे शब्द पंधराव्या वर्षी हाताने शिकवले जातात तोच पुढे क्लासमध्ये पहिल्या दिवशी विचारतो की दुसरा जिना कुठाय. ज्याला कधी शिकवलं नाही तो बिल्डरला विचारणार नाही, कॉर्पोरेशनला तर नाहीच नाही. सरकारला जाब विचारणारा नागरिक आणि शेजाऱ्याचं रक्त थांबवणारा नागरिक हे काही दोन वेगळे प्राणी नाहीयेत. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यामुळे लोकांना अर्ज लिहिता यायला लागले म्हणून दरबाराची जबाबदारी कमी झाली की वाढली?

आणि २०२४ च्या ऑगस्टचा पूर विसरलात का इतक्यात? विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या दहाएक फूट वर गेली, समा, फतेगंज, अकोटा, वडसर, कारेलीबाग, गच्चीवर माणसं, रस्त्यात मगरी. एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची, सहावी बटालियन आपल्या जिल्ह्यात, जरोदला आहे, तरी ते लोक तरी एका वेळी किती गल्ल्यांत पोचणार, शेवटी आर्मी बोलवावी लागली. तोवर जे काय झालं ते शेजाऱ्यांनी केलं, आणि धड न शिकता केलं. फ्रीज बंद पडला म्हणून इन्सुलिन फेकून देणारे होते, ते बाहेर काही आठवडे टिकतं हे माहीत नाही. जुलाब लागलेल्या पोराला ओआरएसचं पाकीट मिळेना म्हणून काहीच न देणारे होते, एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, एवढं त्या घरात नक्की होतं. वाहत्या पाण्यात बाइक घालणारे तर किती. पाण्यातून काढलेल्या माणसाला उलटं धरून पोट दाबायचं हे तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं फुफ्फुसात जातं. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा असतो, मग दाब, रीलमध्ये दाखवतात ते नुसत्या दाबाचं सीपीआर इथे पुरत नाही. सापाचं पण तेच, आवळून बांधायचं नाही, कापायचं चोखायचं नाही, हात-पाय हलू न देता दवाखाना गाठायचा.

तर मग फॉर्मकडे परत. शाळेला विचारायला पाहिजे की शिकवणारे कोण, त्यांच्याकडे प्रथमोपचाराचं चालू सर्टिफिकेट आहे का, दर किती मुलांमागे एक मोठा माणूस, रात्री मुलींच्या तंबूपाशी कोण, गाडी चोवीस तास उभी असणार का, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेला जवळचा दवाखाना कुठला आणि त्यांना आधी फोन केलाय का, आणि पाण्याशी संबंधित काही असेल तर जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का. शिबिर संपल्यावर काय, हे तर आधी विचारा, कारण सीपीआरसारखी कसबं तीन ते सहा महिन्यांत हातातून जायला लागतात हे शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतं, तीन दिवस करून सर्टिफिकेट फ्रेम केलं तर ते कागदच. दर सहा महिन्यांनी उजळणी नसेल तर फीतले निम्मे पैसे परत मागा. आणि ती बारीक टायपातली ओळ खोडून, बाजूला 'हे मान्य नाही' लिहून सही करा. निष्काळजीपणा असल्या एका ओळीने माफ होत नाही हे कुठलाही वकील सांगेल, पण ती तिथे छापलेली असते कारण आपण वाचत नाही. शाळा म्हणाली की मग मुलाला नेणार नाही, तर शिबिर कसं असणार होतं ते घरबसल्या कळलं, फुकटात.

काही पालक म्हणतील असं केलं तर मुलाला शाळेत त्रास होईल, मास्तर डूख धरतील. होईल कदाचित. म्हणून एकट्याने नका करू, पंचवीस-तीस जणांनी मिळून करा, त्या ग्रूपचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. आणि ते करताना मुलाला शेजारी बसवा, त्याला बघू दे.

शेवटचं, फीबद्दल. तीन दिवसांचे जेवढे पैसे शाळेने लावलेत तेवढ्यात आमच्या कामवाल्या मावशींचं महिन्याचं घर चालतं, आणि त्यांचा मुलगा कॉर्पोरेशनच्या शाळेत, घर नदीकाठाला, पुरात पहिलं पाणी त्यांच्याकडे येतं. पावागडचे तंबू त्याच्या वाट्याला येणार नाहीत. एनडीआरएफ शाळांमध्ये जाऊन ट्रेनिंग देतं, जरोद इथून काही लांब नाही, सोसायटीच्या मागचं मैदान रविवारी रिकामंच असतं, बांबू मांडवाच्या डेकोरेटरकडे भाड्याने मिळतात. एक पत्र लिहायचंय, दोन्ही पार्ट्यांनी मिळून. मसुदा मी टाकतो ग्रूपवर आज रात्री, दुरुस्त्या करा, फक्त अंगठा दाखवून सोडून देऊ नका.